दिसणे आणि पाहणे

मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. डोळे उघडे असले की दिसते. त्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही. पाहणे मात्र करावे लागते. व्याकरणाच्या तासाला कर्ता, कर्म आणि प्रयोग यांच्या गर्दीत हा भेद माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. तो ध्यानात आला एका छोट्याशा सहलीमुळे आणि माझ्या आजीमुळे.

या सहलीचे मूळ फार दूरच्या मुलखात आहे. गेल्या वर्षी आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात एका प्रवासी कंपनीचे माहितीपत्रक आणले होते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांमधील फ्योर्ड पाहण्याची आणि त्यांची छायाचित्रे काढण्याची ती सहल होती. प्रवासी फक्त बारा. सोबत एक वाटाड्या आणि छायाचित्रणाचे धडे देणारा एक जाणकार. दर माणशी आकडा असा, की आमच्या घरच्या कोरडवाहू शेताने तो जमवायचा तर किती वर्षे कष्टावे लागेल याचा हिशेब मी मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक खोल, उभ्या कड्यांची दरी काढली आणि म्हणाले, “ही दरी पाण्याने कोरलेली नाही, बर्फाने कोरली आहे.”

हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर खरवडून खोल दऱ्या केल्या. पुढे बर्फ ओसरले, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांत शिरला. हाच फ्योर्ड. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरांहून अधिक आत गेलेला आहे आणि त्याची खोली तेराशे मीटरांच्या घरात आहे. स्वालबार्डमध्ये कोंग्सफ्योर्ड नावाचा फ्योर्ड आहे. त्याच्या काठी न्यू-ऑलेसुंड येथे २००८ सालापासून ‘हिमाद्री’ हे आपल्या देशाचे संशोधन केंद्र आहे, आणि त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातील वास्को येथून चालतो. हे ऐकताच तो दूरचा बर्फ दोन हात जवळ सरकल्यासारखा वाटला.

मग सर लोकमान्य टिळकांकडे वळले. १९०३ साली लोकमान्यांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज्’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातील उषेची वर्णने वाचताना त्यांना वाटले, ही आपल्याकडची घटकाभराची पहाट नव्हे. ही कित्येक दिवस क्षितिजावर फिरत राहणारी ध्रुवप्रदेशातील पहाट असली पाहिजे. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मानीत नाहीत. पण पुण्याच्या त्या माणसाने ध्रुवप्रदेशात पाऊल न ठेवता, केवळ शब्दांवर नजर रोखून एका पहाटेचा इतका विचार केला, याचे मला फार नवल वाटले.

“पण सर, बाराच माणसे का?” कुणीतरी विचारले. हा प्रश्न नफ्यातोट्याचा असेल असे आम्हाला वाटले होते. सरांचे उत्तर निराळे होते. त्या फ्योर्डमध्ये रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरतात आणि अशा एका होडीत दहाबारा माणसेच नीट मावतात. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलांचा धोका असतो, म्हणून वाटाड्याच्या खांद्याला बंदूक असते आणि सगळी माणसे त्याच्या नजरेच्या टप्प्यात असावी लागतात. तिथले शेवाळ इतके सावकाश वाढते, की बुटाची खूण वर्षानुवर्षे राहते. १ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेने नियम आणखी कडक केले. अस्वलापासून किमान तीनशे मीटर आणि मार्च ते जून या काळात पाचशे मीटर दूर राहायचे. संरक्षित भागात दोनशेहून अधिक प्रवाशांचे जहाज न्यायचे नाही. “म्हणजे पाहणाऱ्यांनी पाहण्याची वस्तूच संपवू नये, यासाठी ही बारा माणसे!” सर म्हणाले.

मागच्या बाकावरून अपेक्षित प्रश्न आला, “आपल्याकडे असं काय आहे, सर?” सर एवढेच म्हणाले, “लोणार.”

जालन्याहून लोणार शंभर किलोमीटरच्या आत आहे. माझे गाव मंठा तालुक्यात, म्हणजे मला तर ते त्याहूनही जवळ. जिल्हा बदलतो, मराठवाडा संपून विदर्भ लागतो, एवढाच काय तो फरक. तरीही मी लोणार पाहिले नव्हते. कारण साधे होते. शाळेच्या सहली तीन-तीन बस भरून निघत आणि वडील म्हणत, “शे-दीडशे पोरांत कुणाचं ध्यान कुणावर असतंय? काही जायचं नाही.” आमच्या भागातील किती मुलींची सहल या एका वाक्यापाशी थांबली असेल, ते मैत्रिणींना वेगळे सांगायला नको.

या वेळी मात्र बाराच जण जाणार होते. सात मुले, पाच मुली, सोबत सर आणि मराठीच्या मॅडम. पहाटे निघून संध्याकाळी परत. मॅडम स्वतः वडिलांशी फोनवर बोलल्या. बारा हा आकडा अस्वलाच्या देशात ज्या कारणासाठी उपयोगी पडतो, जवळजवळ त्याच कारणासाठी तो आमच्या ओसरीवरही उपयोगी पडला. प्रत्येकावर कुणाची तरी नजर राहणार होती!

आजीला हे कळले तेव्हा ती हसली. तिच्या तरुणपणी गावातल्या सात-आठ बाया नवरात्रात लोणारच्या कमळजादेवीला पायी जात. पुढे एक जाणती म्हातारी असे. कुठे थांबायचे, कुठले पाणी प्यायचे, उतारावर पाय कसा टाकायचा, कोणत्या दगडाची काय गोष्ट, हे सारे तिला ठाऊक असे. माहितीपत्रकात ज्याला नवी कल्पना म्हटले होते ती आमच्या आजीने ठिगळाच्या पिशवीत भाकरी बांधून कितीदा तरी अनुभवली होती. आता काचबिंदूने आजीची दृष्टी गेली आहे. मी म्हणाले, “आजी, तुला फोटो आणते.” त्यावर ती म्हणाली, “फोटू आणून मला काय करायचं, बाई? तोंडानं सांगता यील असं बघून यी.”

ही अट वाटते तितकी सोपी नव्हती.

जानेवारीतल्या थंडीत, सूर्य उगवायच्या आधी आम्ही विवराच्या काठावर पोचलो. आमचे वाटाडे साठीच्या घरातील होते. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. सरांनी आणि त्यांनी मिळून एक नियम केला होता. पहिली पंधरा मिनिटे मोबाईल पिशवीत. कुणी कुरकुरले तेव्हा काका म्हणाले, “आधी डोयानं पाहा ना, पोरंहो. ते तयं कुठी पयून नाई जात.”

ती पंधरा मिनिटे मी जन्मभर विसरणार नाही. खाली काळोखी वाटी. सूर्य आमच्या पाठीमागून, पूर्वेकडून वर आला आणि प्रथम समोरची पश्चिमेची भिंत उजळली. तळे अजून सावलीतच होते. मग उजेडाची रेघ झाडांवरून हळूहळू खाली उतरत गेली. कुठेतरी मोर ओरडला. उजेड पाण्याला टेकेपर्यंत कुणी बोलले नाही. सर नंतर म्हणाले की, ध्रुवप्रदेशात सूर्य क्षितिजालगत तिरका फिरतो, त्यामुळे असा कोवळा प्रकाश छायाचित्रकाराला तासन्‌तास मिळतो. लोणार वीस अंश अक्षांशाजवळ आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि ते सोने थोड्याच वेळात पांढरे होते. म्हणजे इथल्या छायाचित्रकाराला आधी पाहून ठेवावे लागते; उजेड आल्यावर शोधाशोध करायला सवड नसते.

मग काकांनी वाटीची कथा सांगितली. स्कंदपुराणातला लवणासुर इथे राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, ही एक. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच कथेचे. दुसरी कथा सरांनी जोडली. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरांच्या आसपास. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी येथील खडकात प्रचंड आघाताच्या खुणा दाखवल्या आणि हे उल्केने केलेले विवर असल्याचे सिद्ध झाले. वय किती? एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. फ्योर्ड कोरायला बर्फाला हजारो वर्षे लागली. ही वाटी मात्र काही क्षणांत झाली!

उतरताना काका पावलागणिक थांबवीत. वरचा साग आणि सीताफळ संपून खाली बाभळी लागल्या, आणि अगदी पाण्याजवळ काहीच उगवत नाही, हे त्यांनी दाखवले नसते तर ते केवळ ‘जंगल’ म्हणून दिसून गेले असते. काठावर कुजकट, गंधकी वास येतो. पाणी खारट आणि साबणासारखे बुळबुळीत. पूर्वी इथला खार काढून विकत. त्याच्या प्रकारांना डल्ला, पापडी अशी नावे होती. काच आणि साबण यांसाठी लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ई-अकबरी’त आहे.

इथे छायाचित्रणाचाही एक धडा झाला. काळा दगड टिपला तर तो राखाडी येई आणि वाळलेला पांढरा खार टिपला तर तोही राखाडी! सरांनी उलगडा केला. यंत्राला काळे-पांढरे कळत नाही. ते सगळ्याचा सरासरी उजेड मध्यावर आणते. म्हणून बर्फाचे चित्र काढणारा प्रकाश मुद्दाम वाढवतो आणि काळ्या खडकाचे चित्र काढणारा तो कमी करतो. पांढरे आहे की काळे, हे माणसानेच यंत्राला सांगायचे असते. प्रत्येकाला तीनच छायाचित्रांची परवानगी होती. त्यामुळे एकेका चित्रासाठी आमच्यात केवढी चर्चा झाली!

छायाचित्राला मी कमी लेखत नाही. जून २०२० मध्ये हे तळे अचानक गुलाबी झाले, तेव्हा ते जगाला कळले छायाचित्रांमुळेच. अवकाशातून घेतलेली चित्रेही प्रसिद्ध झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. पाणी आटून खारटपणा वाढला होता. पुढे तो रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अभयारण्य तर ते २००० सालापासूनच आहे. चित्र साक्ष देते, हे खरे. पण साक्षीदाराला प्रश्न विचारणारा कुणी तरी लागतो.

अकराच्या सुमारास काठावर दोन बस येऊन थांबल्या. शे-सव्वाशे मुले एकदम कठड्याला भिडली, एकमेकांच्या पाठीवरून हात उंचावून त्यांनी चित्रे काढली आणि वीस मिनिटांत बस निघूनही गेल्या. त्या मुलांचा काय दोष? त्यांना कुणी थांबवले नव्हते. काका म्हणाले, “बारा जनाईले मी तये दाखोतो. सव्वाशे आले का मंग फक्त मोजत बसतो, कोनी पडलं का म्हून.” काकांचे पोट पाहुण्यांवर चालते, गर्दी त्यांना नको कशी म्हणता येईल? तरी त्यांच्या बोलण्यात खंत होती.

त्या रात्री आजीजवळ बसून मी बोलत होते. उजेड कसा उतरला, वास कुठून सुरू झाला, पाय कुठे घसरतात, पाणी हाताला कसे लागते. तिने उलटतपासणी घेतली. “सासू-सुनेची विहीर दिसली का?” मी म्हणाले, “नाही, पाणी चढलंय, विहीर पाण्याखाली आहे.” एका बाजूला गोड आणि दुसऱ्या बाजूला खारट पाणी, अशी त्या विहिरीची ख्याती. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजी पाणी देवीजवळ आलं की गं!” तिने अंधारातच मनाशी अंतर मोजले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या पाहण्यावर आजचे पाणी तिने बरोबर बसवले. माझ्या मोबाईलमधली तिन्ही चित्रे सुरेख आली आहेत. त्यांपैकी एकातूनही तिला हे कळले नसते.

फ्योर्ड मी कधी पाहीन की नाही, सांगता येत नाही. पाहण्याची इच्छा आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण कला शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे मला एक काम याच मुलखात दिसते. ‘कला शाखा घेऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न आपल्याला घरीदारी विचारला जातो. जे दिसते ते दुसऱ्याला पाहायला लावणे, हे इतिहास, भूगोल आणि भाषा शिकलेल्याचे काम नव्हे काय? वाटाड्याला खडकाची माहिती हवी, देवळाची कथा हवी आणि ती सांगायला स्वच्छ शब्द हवेत. काकांच्या वयाची माणसे थकत चालली आहेत. त्यांच्यापाशी असलेले शब्द आपण वेळीच उतरून घेतले, तर मंठा-लोणारच्या वाटेवर पुढच्या पिढीचे वाटाडे आपल्यातूनच निघतील.

सरांनी पुढच्या हिवाळ्यातील फेरीची यादी भूगोल विभागाच्या दारावर लावली आहे. बाराच ओळी आखल्या आहेत. मुलींनी आपले नाव लिहिताना घरचा फोन नंबरही लिहावा. मॅडम स्वतः बोलतील.