साडेचार मायक्रॉन

धमनीच्या आतून घेतलेल्या अल्ट्रासाऊंडच्या कोणत्या फ्रेम्स ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या, हे इतकी वर्षं मी डोळ्यांनी ठरवत आलो. आता ते माझ्या विद्यार्थिनीने लिहिलेला प्रोग्राम ठरवतो, आणि चांगलं ठरवतो. तरी त्याने टाकलेल्या फ्रेम्स मी पुन्हा एकेक करून बघतो.

सगळा झगडा अल्ट्रासाऊंडच्या कॅथेटरशी आहे. हृदयाच्या धमनीत तो ठोक्यागणिक हेलकावतो, मधेच भिंतीला टेकतो. आम्ही मोजतो स्ट्रेन, म्हणजे धमनीच्या भिंतीवर साचलेला थर, प्लाक, किती ताणला जातो ते. प्लाकच्या ४५० मायक्रॉनच्या थरात १ टक्का स्ट्रेन म्हणजे साडेचार मायक्रॉन. २० मेगाहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबीच ७७ मायक्रॉन! कॅथेटर याहून कितीतरी जास्त सरकतो. म्हणून डायस्टोल, म्हणजे हृदय सैलावण्याचा टप्पा, संपत आला की तो जरा स्थिरावतो, तेवढ्यात पाठोपाठच्या दोन फ्रेम्स धरायच्या. त्यातही बीम तिरका पडला, तर मऊ प्लाक कडक भासू शकतो. प्रयोगशाळेत धमनीऐवजी वापरायच्या पीव्हीए जेलच्या नळीत हे सगळं सुरेख जुळतं. गोठवण्या-वितळवण्याच्या फेऱ्या वाढवल्या की नळी कडक होते आणि कॅथेटर ठेवू तिथे राहतो. धडधडतं हृदय ही सवलत देत नाही.

रॉटरडॅममध्ये द कोर्टे आणि व्हॅन डर स्टीन यांनी हा ताण मोजण्यासाठी रक्तदाबालाच दाबणारा हात बनवलं. ती कल्पना मला आजही थोर वाटते. २००८च्या आयबिस-२ या औषधाच्या चाचणीत औषधाने स्ट्रेनच्या या मापात फरक दाखवला नाही, पण तेवढ्यावरून माप निकामी ठरत नाही. प्रकाशाने चित्र घेणारे ओसीटीवाले प्लाकवरची ६५ मायक्रॉनहून पातळ टोपी स्वच्छ दाखवतात. मात्र ती किती ताणली जाते, हे त्या चित्रात नसतं. आमच्यातलेही काही स्ट्रेनलाच कडकपणा म्हणून मोकळे होतात, याचा मला संताप येतो. जाड भिंत कमी ताणली जाते, म्हणून ती कडकच असेल असं नाही. भिंतीवर कुठे किती जोर पडला, ते आधी कळायला हवं.

चांगली फ्रेम मी आकडे येण्याआधी ओळखतो, याचा मला गर्व आहे. कॅथ लॅबमध्ये डॉक्टर स्क्रीन सोडून माझ्याकडे बघतात, ते मला आवडतं. प्रोग्राम आल्यावर ते बघणं कमी झालं आणि ते मला लागलं.

विद्यार्थिनी म्हणते, “सर, फ्रेम्स टाकल्यामुळे स्ट्रेनच्या नकाशात गाळलेल्या जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरता येतील.” भरता येतीलही. पण मोजलेली जागा आणि भरलेली जागा एकाच रंगात छापलेल्या नकाशावर मी सही करणार नाही.