झुकलेल्या माडाची सावली

भूमितीशी माझे सख्य कधीच जमले नाही. दहावीनंतर कला शाखेकडे वळलो तेव्हा मनात साहित्याची ओढ होती हे खरे. पण त्रिकोणांच्या तावडीतून सुटल्याचा आनंदही काही कमी नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही. तरीही भूमितीतला एक धडा मनात कायमचा घर करून राहिला आहे. तो मी वर्गात शिकलो नाही. आमच्या बोर्ली पंचतनच्या वाडीत आजोबांनी एका काठीच्या आधाराने तो मला शिकवला.

२०२० सालचा जून महिना होता. करोनामुळे शाळा बंद होत्या. मी नुकताच दहावीत गेलो होतो आणि गणिताच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा, ‘समरूपता’, उघडून बसत होतो. संगत कोन समान, संगत बाजू प्रमाणात! वाक्ये पाठ होत होती, अर्थ मात्र उंबऱ्याबाहेरच उभा होता. अशातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. वारा शमला तेव्हा आजोबांनी तरुणपणी लावलेल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. घरामागचा एक माड तेवढा उभा होता; पण तोही मुळापासून हलून घराच्या दिशेने झुकला होता.

गावात वीज नव्हती. रात्री ओटीवर कंदील लावून आम्ही बसत असू. धाकटी बहीण भिंतीवर हाताच्या सावल्या पाडी. हात कंदिलाजवळ नेला की सावली मोठी, भिंतीकडे नेला की लहान. मला काय वाटले कोण जाणे, मी पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापला आणि ज्योतीपासून एक हातावर, भिंतीला समांतर धरला. भिंत तीन हातांवर होती. सावलीची प्रत्येक बाजू तिप्पट भरली! पुठ्ठा दीड हातावर नेला, तर दुप्पट. कोन मात्र दोन्ही वेळा जसेच्या तसे. एका बिंदूपासून आकृती ठरावीक पटीत वाढते, पण तिचा चेहरामोहरा बदलत नाही, हे त्या रात्री डोळ्यांनी पाहिले. पाठ केलेल्या वाक्यात प्रथमच जीव आला.

घरात मात्र चिंता वेगळीच होती. पुढच्या पावसात माड कोसळला तर? काका म्हणत होते, उद्याच बुंध्याशी कुऱ्हाड घालू. पण तोडताना तो कौलांवर आला तर? माड किती लांब, हेच कोणाला ठाऊक नव्हते. मी पुढे सरसावलो. सूर्य इतका दूर, की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात. म्हणून एकाच वेळी काठीची आणि तिच्या सावलीची जी पट, तीच माडाची आणि त्याच्या सावलीची. एरवी आमच्या वाडीत कोणत्याही एका झाडाची सावली वेगळी दिसत नसे, इतकी ती दाट. आता मोकळ्या झालेल्या जमिनीवर माडाची सावली एकटी पडली होती.

सकाळी साडेनवाच्या सुमारास मी चार फुटांची काठी ताठ उभी केली. तिची सावली नेमकी चार फूट. माडाची सावली छत्तीस फूट. म्हणजे माडही छत्तीस फूट! घर तर बेचाळीस फुटांवर.

“आजोबा, काळजी नको. शेंडा घरापर्यंत पोचतच नाही.”

आजोबा थोडा वेळ माडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माड झुकलाय आणि तुझी काठी ताठ. दोघांचा हिशेब एक कसा रे व्हायचा?”

त्यांनी बाजूला उभे राहून, एक डोळा मिटून खोडाचा कल पाहिला आणि माड ज्या दिशेला झुकला होता त्याच दिशेला, तितकीच कलती करून काठी धरली. सावली मोजली, तर ती तीनच फूट भरली! छत्तीस म्हणजे तिनाच्या बारा पट. चार फुटांची बारा पट अठ्ठेचाळीस. शेंडा सरळ आमच्या कौलांवर आला असता.

“हे तर आमचं त्रैराशिक,” आजोबा एवढेच म्हणाले.

माझी चूक आता मला उमगली. दोन्ही त्रिकोणांत सूर्यकिरणाचा जमिनीशी होणारा कोन सारखा होता. दुसरा कोन मी न पाहताच काटकोन धरला होता. समरूपतेला काटकोनाची गरज नसते, दोन कोन जुळण्याची असते. दोन दिवसांनी शेजारच्या मंडळींनी माडाला वरपर्यंत दोर बांधले आणि तो घरापासून दूर, उत्तरेच्या मोकळ्या जागेत ओढून पाडला. एकही कौल फुटले नाही.

पुढे महाविद्यालयात आल्यावर वाचले, की भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचे प्रकरणच आहे. बारा अंगुळांचा शंकू, दिवा आणि सावली यांवरून दिव्याची उंची काढण्याची रीत त्यात दिली आहे, आणि तिच्या मुळाशी त्रैराशिकच आहे. म्हणजे आमच्या ओटीवरचा कंदीलच तो! चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ते वाचताना मला माझे आजोबा आठवले. मी मठ काही स्थापू शकत नाही. हा लेख तेवढा लिहितो आहे.

आजोबांनी त्याच पावसाळ्यात नव्या पोफळी लावल्या. आज त्या माझ्या डोक्यावर गेल्या आहेत. साहित्य वाचताना, माणसे पाहताना मला अजून ती सकाळ आठवते. वादळाने वाकलेल्या माणसाचे माप आपण आपली काठी ताठ ठेवून घेतो आणि उत्तर बरोबर आले असे समजतो. त्याच्या कलाइतकी ती कलती करावी लागते, मगच हिशेब जुळतो.