नाडीचं ऐकताय ना?

पुण्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये सध्या एकच फंडा चालतो. मनगटावर घड्याळ, घड्याळात हृदयाचे ठोके आणि कॉफी पिताना चर्चा कुणाचा 'झोन' कोणता याची! मीही त्यातलीच. पण या आकड्यांचा खरा अर्थ मला एसी जिममध्ये नाही, दौंड आणि शिरूरला कळला.

दौंड म्हटलं की लोकांना रेल्वे जंक्शन आठवतं. पण इथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, जवळच नानवीजला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं हे नेहमीचं दृश्य. माझा २२ वर्षांचा मामेभाऊ त्यातलाच एक. या दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावावं लागतं आणि मार्क वेळेवर मिळतात. त्यामुळे पठ्ठ्या रोज जीव तोडून पळायचा. ''ताई, दम लागला नाही तर ती प्रॅक्टिस कसली?'' हा त्याचा सवाल. जून २०२४ मध्ये नवी मुंबईत याच दलाच्या भरतीत धावताना एका उमेदवाराचा जीव गेला. तेव्हापासून हा घरी येईपर्यंत मामीचं लक्ष दाराकडेच!

घड्याळ परवडणारं नव्हतं, पण नाडी फुकट असते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचं. सकाळी अंथरुणात त्याचे भरले ६०. धावून थांबल्या थांबल्या मोजले तर १८४!

आता थोडं गणित. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोके, म्हणजे त्याचे १९८. त्यातून विश्रांतीचे ६० गेले, उरले १३८. या १३८ चे ६० ते ७० टक्के पुन्हा ६० मध्ये मिळवले की १४३ ते १५७. ही झाली सोप्या धावेची हद्द. फिनलंडच्या कार्व्होनेन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. या हद्दीत नियमित धावलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. मग आठवड्यातून एक-दोन दिवसच जोरात पळायचं, बाकी दिवस हळू. उन्हाळ्यात मात्र त्याच वेगाला ठोके वाढतात, तेव्हा वेग कमी करायचा. आणि सकाळची नाडी रोजच्यापेक्षा आठ-दहाने जास्त भरली, तर त्या दिवशी सरळ आराम! आठवडाभर तो कुरकुरला. ''म्हाताऱ्यासारखं पळायला लावतेस,'' म्हणाला. पण पळाला.

शिरूरला मात्र हेच गणित उलटं पडलं. घोड नदीच्या काठी राहणारे माझे थोरले काका साठीचे. मुलाने हौसेने घड्याळ घेऊन दिलं. काका कितीही भरभर चालले तरी आकडा १०५ च्या वर जाईना, घड्याळ मात्र 'अजून जोर लावा' म्हणत राहिलं. धाप लागली, तरी काका थांबेनात. कारण साधं होतं. बीपीसाठी ते बीटा ब्लॉकर घेतात आणि ही गोळी ठोके वाढूच देत नाही. घड्याळाला ते कसं कळणार? डॉक्टरांनी सांगितलं, ''आकडा विसरा. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.'' आता काका शेजाऱ्याला सोबत घेऊन चालतात. गप्पा थांबल्या की वेग कमी!

२२० चं सूत्र १९७१ मध्ये पुढे आलं, तेही आधीच्या अभ्यासांतले आकडे गोळा करून. एखाद्या माणसाच्या बाबतीत ते सहज १०-१२ ठोक्यांनी चुकू शकतं. म्हणजे ते अंदाज देतं, निकाल नाही.

भावाची भरती अजून व्हायचीय. मार्क किती पडतील, ठाऊक नाही. पण पहाटे निघताना तो हल्ली आधी नाडी धरतो आणि आकडा मामीला ओरडून सांगतो. मामी तो कॅलेंडरवर लिहून ठेवते.

तुमच्या घरच्या कॅलेंडरवर असा एखादा आकडा आहे का?