आमचे सायकलारोहण

मनुष्याने श्रम करावेत आणि त्यांचे फळ दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडावे, ही तक्रार जगात पुष्कळ ऐकू येते. परंतु श्रमही आपणच करावेत, घामही आपणच गाळावा, आणि फळ मात्र आपल्याच जठराने मधल्यामध्ये गिळंकृत करावे, असा प्रसंग ओढवला असता दाद कोणत्या दरबारी मागावी, हे आम्हांस जवळजवळ वर्षभर उमगले नव्हते. स्वतःचे हसे करून घेण्याची आम्हांस हौस नाही. परंतु आमच्यासारखे गृहस्थ घरोघर असतील, आणि त्यांच्या मोठ्या उमेदीने आणलेल्या सायकली जिन्याखाली धूळ खात पडल्या असतील, अशी आमची खात्री असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी माघातील एका पहाटे आमच्या थोरल्या बंधूंच्या छातीत कळ आली. घरातील सर्व लहानथोर त्यांस दादा म्हणतात. दादा दिसावयास सडपातळ, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेले. पोट तेवढे किंचित पुढे आलेले, आणि मधुमेह दहा वर्षांचा. रुग्णालयात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविण्यात आला व परमेश्वरकृपेने ते सुखरूप घरी आले. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर वहिनी पदराचे टोक बोटाला गुंडाळीत आणि सोडीत बसल्या होत्या, ते दृश्य आमच्या डोळ्यांपुढून अद्यापि हलत नाही. डॉक्टरांनी दादांस घरी सोडताना आमच्याकडे एकवार आपादमस्तक पाहिले आणि, "आता तुमचंही रक्त तपासून घ्या," असे सुचविले.

तपासणीचा निकाल आला. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा काढतात, तो आमचा ६.२ भरला. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५ पासून प्रत्यक्ष माजघर; म्हणजे आम्ही उंबरठ्यावर एक पाय टाकूनच उभे होतो. वर्षभरात पाच-सहा किलो वजन उतरविण्याची आज्ञा झाली.

सायकलीची कल्पना आम्हांस सुचली ती तीर्थरूपांच्या स्मरणाने. पुण्याची सायकलींचे शहर म्हणून जी एके काळी ख्याती होती, ती आता पेट्रोलवरील दुचाक्यांनी केव्हाच हिरावून घेतली; परंतु आमचे तीर्थरूप त्या जुन्या काळातले. तीस वर्षे ते ऊन नाही, पाऊस नाही, सायकलवरून कचेरीत गेले, आणि अखेरपर्यंत त्यांच्या अंगावर चरबीचा लवलेश नव्हता. यावरून आम्ही असा सिद्धान्त बांधला की, सायकल चालविणारा मनुष्य बारीक राहतो. हा सिद्धान्त किती लंगडा होता, ते पुढे येईलच.

गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर सायकल घरी आली. आईने तिला हळदकुंकू लाविले. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातून पाच दिवस, पहाटे पाऊण तास, सुमारे १२ किलोमीटर, असा आमचा नेम सुरू झाला. रविवारी चार समवयस्क मित्रांसह खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊन सुमारे ३५ किलोमीटर. नेम आम्ही मोडला नाही, एवढे श्रेय वाचकांनी आम्हांस द्यावे.

आमच्या सौभाग्यवती शाळेत गणित शिकवितात. त्यांनी आरंभीच हिशेब मांडून दिला होता. आमच्या वजनाच्या मनुष्याने मध्यम गतीने पाऊण तास सायकल चालविली, तर स्वस्थ बसण्याच्या मानाने सुमारे ३०० ते ३५० कॅलरी अधिक खर्च होतात. देहावरील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरींची ठेव. म्हणजे रविवार सोडून दिला तरी पाच आठवड्यांस एक किलो, आणि वर्षास दहा किलो. कागदावर आम्ही दिवाळीपर्यंतच सडपातळ झालो होतो.

प्रत्यक्षात अकरा महिन्यांनी काटा ८३.४ वर उभा होता. अकरा महिन्यांच्या पहाटा, दोन पंक्चर, कुत्र्यांचे एक शिष्टमंडळ, आणि कमाई सहाशे ग्रॅम! वहिनी म्हणाल्या, "भावोजी, टायर झिजले, पण तुम्ही नाही झिजलात." आम्ही हसलो, परंतु हसणे वरवरचे होते. रात्री अंथरुणावर पडलो की छातीतील प्रत्येक बारीकसारीक हालचालीकडे आमचा कान लागे. सायकल पुतण्याला देऊन टाकावी, असा निश्चय करून आम्ही शेवटची तपासणी करून घेतली.

आणि येथेच पहिले आश्चर्य घडले. साखरेचा आकडा ६.२ वरून ५.९ वर आला होता. कंबर १०२ वरून ९८ सेंटिमीटर झाली होती. खरे पाहता आमच्या पट्ट्याने ही वार्ता केव्हाच सांगितली होती. तो दोन भोके आत गेला होता. परंतु ज्याचे लक्ष काट्याकडे लागले आहे, त्यास पट्ट्याची साक्ष कोठून ऐकू येणार?

मग आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो, आणि व्यायामाने पोटातील, अवयवांभोवतीची चरबी प्रथम हटू लागते, वजन हलो अथवा न हलो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांपैकी ज्यांना साधा उपदेश मिळाला, त्यांतील शेकडा ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह जडला. आहार-व्यायामाची शिस्त ज्यांनी लावून घेतली, त्यांत हेच प्रमाण सुमारे ३९ राहिले. आणि गंमत अशी की, शिस्त पाळणाऱ्यांची वजने लक्षणीय अशी घटलीच नव्हती!

त्याहून जुनी गोष्ट लंडनची. जेरी मॉरिस नामक डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिले की, दुमजली बसगाडीत दिवसभर जिना चढउतर करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होतो आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांस अधिक. पुढे १९५६ साली त्यांनी या लोकांच्या सरकारी विजारींच्या कंबरेची मापेच गोळा केली. ड्रायव्हरांच्या विजारी रुंद निघाल्या, हे अपेक्षितच. परंतु लठ्ठ कंडक्टरासही लठ्ठ ड्रायव्हरापेक्षा कमी धोका असल्याचे त्यांस आढळले. देह स्थूल असूनही चळवळ्या असेल, तर तो अगदीच निराधार नसतो, हे वाचून आमच्या जिवात जीव आला.

आणि दादांचे कोडेही सुटले. आमच्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा व लंडनच्या जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. उंची आणि वजन यांचे जे गुणोत्तर डॉक्टर काढतात, ते दोघांचेही तंतोतंत २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहात २१.२! सडपातळ दिसणारा भारतीय मनुष्य आतून बारीक असेलच, असे नाही. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असा दंडक आहे. ज्या घरी वजनकाटा आहे, त्या घरी शिंप्याची फीतही असावी, असे आम्ही आता सर्वांस सांगत असतो.

सायकलीवरील आरोप अशा रीतीने मागे घेण्यात आला. परंतु वजनाचा प्रश्न राहिलाच. कारण ९८ म्हणजे ९० नव्हे, आणि ५.९ हाही उंबरठाच.

तेव्हा सौभाग्यवतींनी एक वही आमच्यापुढे ठेविली. पंधरा दिवस, आम्हांस न कळू देता, सायकलीवरून परतल्यानंतर आम्ही काय काय सेवन केले, याची नोंद त्यांनी केली होती. वाचताना आमचे कान तापले. भरपूर साखरेचा चहा, दोन वेळा. डिंकाचा लाडू, "दमून आलास" म्हणून. पोळीवर तूप, आणि तुपाचा १५ ग्रॅमांचा एक चमचा म्हणजेच १३५ कॅलरी. एकादशीस उपवास, म्हणजे साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट आणि तूप मिळून बशीभर खिचडीच्या ४०० च्या पुढे. रविवारी खडकवासल्यास कांदाभजी आणि परतीच्या वाटेवर मिसळ. तो हिशेब त्यांनी दयाबुद्धीने मांडलाच नव्हता. पहाटे पाऊण तासात जे आम्ही फेडीत होतो, ते साडेआठच्या आत पुन्हा कर्जाऊ घेत होतो.

शिवाय देहही हिशेबाला पक्का असतो. अमेरिकेचे हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाडझा या शिकारी लोकांचा दैनंदिन शक्तिव्यय मोजून २०१२ साली प्रसिद्ध केला. ते लोक दिवसभर चालतात, कंदमुळे खणतात. तथापि देहाचे आकारमान जमेस धरता, त्यांचा एकूण खर्च नगरवासी पाश्चात्त्यांहून फारसा निराळा निघाला नाही. एके ठिकाणी खर्च वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करते. आम्हीही सायकल चालविल्याच्या पुण्याईवर उरलेला दिवस आरामखुर्चीत घालवीत होतोच.

आता उपाय काय, हे सांगावयास पंडित नको होता. ताट आवरावयास हवे. परंतु वाचकहो, एकत्र कुटुंबात ताट हे काही एकट्या जेवणाऱ्याच्या मालकीचे नसते. आमच्या आईचे वय ८२. गुडघ्यांमुळे स्वयंपाकघराचा कारभार तिने सुनांच्या हाती दिला. स्वतःकडे राखले ते एकच खाते, वाढण्याचे आणि आग्रहाचे. ती पाटाशेजारी खुर्ची टाकून बसते आणि कोणाच्या पानात काय संपले, यावर तिची घारीसारखी नजर असते. तिचा वाढता हात अडविणे म्हणजे तिचे शेवटचे राज्य खालसा करणे, असे आम्हांस वाटे. म्हणून अकरा महिने आम्ही सायकल रेटली, पण आईपुढे 'पुरे' हा शब्द काही उच्चारला नाही.

अखेर होळीच्या दिवशी, दुसरी पुरणपोळी पानावर येत असता, आम्ही तिला सारे सांगितले. साखरेचा आकडा, दादांच्या दुखण्यानंतरची भीती, आणि सौभाग्यवतींची वही. तीर्थरूपांचाही दाखला दिला, की त्यांचे सायकलीवर भागले, आमचे भागत नाही.

आई बराच वेळ बोलली नाही. मग पोळी परत डब्यात ठेवीत म्हणाली, "अरे, तुझ्या वडिलांना उभ्या जन्मात मी 'अजून एक घ्या' म्हटलं नाही. म्हणायची हिंमतच नव्हती. डब्यात पोळ्या मोजून असायच्या. पानावर बसताना ते आधी विचारायचे, 'मुलांचं झालं का?' आणि दोन खाऊन उठायचे. तुम्ही म्हणता सायकलीनं बारीक राहिले. आता घरात आहे, तर मी वाढू नको होय?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. तीर्थरूपांच्या सायकलीचे गुणगान आम्ही जन्मभर केले. त्यांच्या ताटाकडे मात्र कधी पाहिले नव्हते. आणि आईच्या ज्या आग्रहास आम्ही लाडाची खोड समजत होतो, ते एक जुने, न फेडता आलेले देणे ती आमच्या पानात फेडीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच निर्णय दिला. "तुझं पान मीच वाढीन. एकदाच. पुन्हा मागितलंस तर मिळायचं नाही. आणि दादाचंही तसंच." तिचे राज्य खालसा झाले नाही, कायदा तेवढा बदलला. आता ती दोन पोळ्या, वाटीभर उसळ, कोशिंबीर आणि ताक एवढेच वाढते. तूप वरणभातावर, चमच्याने मोजून. सणावारी पुरणपोळी एक. डिंकाचे लाडू नातवंडांकडे वर्ग झाले आहेत. चहाची साखर आम्ही स्वतःच सोडली, आणि रविवारच्या भज्यांची बशी आता चौघांत एक येते.

या गोष्टीस पाच महिने झाले. काटा ८०.५ वर आहे. डॉक्टरांनी सांगितलेले पाच-सहा किलो अद्यापि पुरे झालेले नाहीत, आणि पुढे श्रावण-भाद्रपदाचे सण तोंड वासून उभे आहेत. तेव्हा विजयाचा डंका वाजविण्याचे धाडस आम्ही करीत नाही. सायकल मात्र चालूच आहे. रक्त शुद्ध राखण्याचे, हृदय बळकट करण्याचे आणि रात्री स्वस्थ झोप देण्याचे तिचे काम ती चोख बजावीत होती. ताटाचे काम आम्ही तिच्या गळ्यात घालावयास निघालो होतो, एवढीच आमची चूक.

डॉक्टरांच्या संमतीने दादाही आता पहाटे आमच्याबरोबर बाहेर पडतात. ते कोपऱ्यावरील मारुतीपर्यंत पायी येतात, आम्ही सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून चालतो. तेथून ते परत फिरतात आणि आम्ही पायडलावर पाय ठेवितो. घरी येऊन दोघे पानावर बसलो की आई आधी दादांचे पान वाढते, मग आमचे, आणि डब्याचे झाकण लावते. परवा झाकण लावता लावता तिने सहज विचारले, "मुलांचं झालं का?" आम्हां दोघां भावांपैकी कोणाच्याही तोंडून पुढे काही वेळ शब्द फुटला नाही.