आत्याबाईंचें कार्ड

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. इतक्या माणसांच्या घरांत कोणती वस्तु कोणाची, याविषयीं फारसा वाद होत नाहीं. छत्री ज्याच्या हातीं लागेल त्याची आणि वर्तमानपत्र जो आधीं उठेल त्याचें, असा आमचा साधा कायदा आहे. मेट्रोचें कार्ड घरांत आलें तेव्हां तेंहि याच कायद्यानें चालेल असें आम्हांस वाटलें होतें. परंतु तें एकाच माणसाचें झालें, आणि खिशांत सहज मावणाऱ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यानें आमच्या सबंध घराला जो धडा शिकविला तो वाचकांस सांगावा असें मनांत आहे. सांगतांना आमची स्वतःची थोडी नाचक्की होईल. पण त्याला इलाज नाहीं.

आमच्या आत्याबाई ७८ वर्षांच्या आहेत. यजमान गेल्यापासून, म्हणजे आज तीस वर्षें, त्या आमच्याकडेच राहतात. गुडघे कुरकुरतात, पण पाय घरीं ठरत नाहींत. कीर्तन, मंडई, दवाखाना, कोणा ओळखीच्या घरचें हळदीकुंकू किंवा कोणाचें दुखणें, जेथें जावयाचें तेथें त्या एकट्या जातात, आणि विचारलें तर "जाऊन येतें" एवढेंच सांगतात. कंबरेला बटवा आणि बटव्यांत सुटीं नाणीं. पुण्याची पी. एम. टी. १९५० सालीं सुरू झाली. २००७ सालीं पिंपरी-चिंचवडच्या बससेवेशीं एक होऊन तिची पी. एम. पी. एम. एल. झाली. नांव बदललें, गाड्यांचे रंग बदलले, परंतु कंडक्टरच्या हातावर मोजून पैसे ठेवण्याची आत्याबाईंची रीत बदलली नाहीं.

पुढें मेट्रो आली. ६ मार्च २०२२ रोजीं वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंतचा मार्ग खुला झाला, आणि १ ऑगस्ट २०२३ रोजीं तो नदीपलीकडे रुबी हॉलपर्यंत गेला. नळ स्टॉपचें स्थानक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सरकता जिना, थंडगार डबा, बसावयास जागा. आत्याबाई खूष झाल्या. अडचण एकच होती. तिकिटासाठीं खिडकीशीं उभें राहावें लागे, चष्मा बदलून नाणीं मोजावीं लागत, आणि मागचीं तरुण मंडळी घड्याळाकडे पाहूं लागत. मिळालेल्या कागदी तिकिटावरील चौकोनी नक्षी फाटकाच्या कांचेवर नेमकी धरावी लागे. तें थरथरत्या हातांना जमेना. तेव्हां आम्हीं त्यांच्यासाठीं कार्ड काढलें.

हें कार्ड म्हणजे खचित नवलाची वस्तु आहे. त्यांत बॅटरी नसते. पोटांत बारीक तारेचें एक वेटोळें आणि त्याला जोडलेली चिमुकली चिप, एवढाच संसार. फाटकावरील यंत्राजवळ कार्ड नेलें कीं यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळें त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, चिप जागी होते, आपली ओळख पटविते, शिल्लक सांगते, आणि फाटक उघडतें. हें सारें एका सेकंदाच्या आंत. उतरल्यावर कार्ड पुन्हां टेकविलें कीं आपण कोठून कोठवर आलों हें यंत्रास कळतें आणि तितकेंच भाडें वजा होतें. हाँगकाँगनें १९९७ सालीं 'ऑक्टोपस' नांवाचें असें कार्ड काढलें. लंडननें २००३ सालीं 'ऑयस्टर' काढलें. दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरांत सुरू झाली तीच असलीं कार्डें घेऊन. प्रत्येक शहराचें कार्ड निराळें असूं नये म्हणून ४ मार्च २०१९ रोजीं आपल्या देशांत 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' सुरू करण्यांत आलें. ज्या ज्या सेवांनीं ही योजना पत्करली त्यांच्या गाड्यांतून एकाच कार्डावर फिरतां यावें, असा तिचा हेतु आहे. सुट्या पैशांवरून होणारी रोजची हुज्जत संपावी, रांगा आखूड व्हाव्या, आणि कोणत्या वेळीं कोठें गर्दी होते हें ओळखून गाड्या सोडतां याव्या, हे तिचे फायदे कोणीहि मान्य करील.

आत्याबाईंना कार्ड वापरावयास आमच्या नातीनें शिकविलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं यंत्राला आधीं नमस्कार केला, असें ती सांगते. तिसऱ्या दिवशीं त्या एकट्या गेल्या, एकट्या आल्या, आणि शेजारच्या दोन वृद्ध बायकांना कार्ड काढण्याचा उपदेशहि करून आल्या.

कार्ड घेतांना एक मोबाईल क्रमांक द्यावा लागला होता. आत्याबाईंना मोबाईल नाहीं. म्हणून आम्हीं आपला दिला. पैसे भरावयाचे आम्हीं आणि हिशेब पाहावयाचा तोहि आम्हींच. यांत कांहीं वावगें आहे असें त्या वेळीं कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

दोन महिन्यांनीं शिल्लक पाहतां पाहतां आमची नजर प्रवासांच्या यादीवर गेली. दर मंगळवारीं आणि शुक्रवारीं नळ स्टॉप ते पुणें रेल्वे स्थानक. नऊला जाणें, दोनच्या सुमारास परत येणें. त्या दोन्ही दिवशीं आत्याबाईंचा उपास असे, म्हणून दुपारच्या जेवणाला त्यांची कोणी वाट पाहत नसे. त्यांचें देऊळ डेक्कनला, मैत्रीण आनंदनगरला. स्टेशनाकडे आमचें कोणीहि राहत नाहीं. तेथें आहे तें एक मोठें रुग्णालय.

त्या रात्रीं आत्याबाई निजल्यावर स्वयंपाकघरांत सभा भरली. धाकटे बंधु म्हणाले, "आत्याला कांहीं तरी मोठें दुखणें आहे, आणि ती तें लपविते आहे." सूनबाईंना भीति वाटली कीं एखाद्या भोंदूच्या नादीं तर त्या लागल्या नसतील? चिरंजीवांनीं तारीखवार यादी कागदावर उतरवून काढली. सर्वांस काळजी होती हें खरें. परंतु त्या काळजीच्या दुधांत कुतूहलाचें पाणी किती होतें, हें आज मोजणें कठीण आहे. आमच्या सौ. तेवढ्या गप्प होत्या. शेवटीं त्या म्हणाल्या, "विचारायचें असेल तर त्यांनाच विचारावें. त्यांच्या कार्डाला कशाला विचारतां?"

हा सल्ला आम्हीं मानला असता तर बरें झालें असतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं, सर्वांच्या देखत, आम्हीं मोबाईल पुढें करून विचारलें, "आत्या, तूं मंगळवारीं-शुक्रवारीं स्टेशनाकडे कशासाठीं जातेस?"

आत्याबाईंनीं पडद्यावरील यादी चष्मा लावून सावकाश वाचली. मग बटव्यांतून कार्ड काढून टेबलावर ठेवलें. "अरे, पन्नास वर्षें मी बसनें हिंडलें," त्या म्हणाल्या. "कितीतरी कंडक्टर मला तोंडओळखीनें ओळखत होते. त्यांतल्या एकानें तरी कधीं तुझ्या दाराशीं येऊन सांगितलें का, तुमची आत्या कुठें उतरली तें?"

नंतर त्यांनीं सांगितलें. आमच्या घरीं बावीस वर्षें धुणेंभांडीं केलेल्या मावशींचे मूत्रपिंड निकामी झाले होते. आठवड्यांतून दोन दिवस त्यांना रुग्णालयांत नेऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावें लागे. मुलगी पोंचवून कामावर जाई, आणि ती परत येईपर्यंत आत्याबाई उशाशीं बसत.

या मावशींचें नांव आमच्या घरांत पांच वर्षें कोणीं घेतलें नव्हतें. त्याचें कारण असें. एके दिवशीं चांदीची एक वाटी दिसेनाशी झाली. 'चोरी' हा शब्द कोणीं उच्चारला नाहीं. परंतु ज्या तऱ्हेनें आम्हीं त्यांच्यासमोर कपाटें पालथीं घातलीं त्या तऱ्हेला शब्दाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहींत. पुढें दीड महिन्यानें गौरींचें सामान काढतांना ती वाटी त्याच पेटींत मिळाली. "कोणीतरी जाऊन त्यांना सांगितलें पाहिजे," असें सर्वांनीं म्हटलें आणि कोणीहि गेलें नाहीं. निदान आमची तशी समजूत होती. आत्याबाई त्याच आठवड्यांत गेल्या होत्या.

"पण हें आम्हांला कां नाहीं सांगितलेंस?" आम्हीं विचारलें.

"सांगितलें असतें तर तुम्हीं मला अडविलें नसतें, हें मला ठाऊक आहे," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्हीं पैसे पाठविले असते, मला गाडी करून दिली असती. आणि तेवढ्यानें सगळें फिटलें असें तुम्हांला वाटलें असतें."

यावर कोणीं कांहीं बोलण्यासारखें उरलें नाहीं.

पुढच्या शुक्रवारीं कार्ड टेबलावर तसेंच ठेवून आत्याबाई निघाल्या. आम्ही त्यांच्याबरोबर गेलों. खिडकीशीं आम्ही दोन तिकिटांचे पैसे पुढें करूं लागलों तर त्यांनीं आमचा हात बाजूला सारला आणि आपल्या तिकिटाचीं नाणीं आपण मोजून दिलीं. मागें रांग खोळंबली. या खेपेस घड्याळाकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. नळ स्टॉपपासून स्टेशनापर्यंत काय बोलावयाचें त्याची आम्हीं मनांत जुळवाजुळव केली होती. मावशींच्या खाटेपाशीं गेल्यावर त्यांतलें एक वाक्यहि आठवेना. आम्ही एवढेंच म्हणालों, "वाटी सांपडली होती."

"ते आत्याबाईंनी तेव्हांच सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कधीं येतां, तेवढं बघत होतें."

या गोष्टीस आतां सहा महिने झाले. कार्डाविषयीं आमच्या मनांत राग नाहीं. त्यानें आपलें काम चोख केलें. लक्षांत ठेवणें हा त्याचा धर्म आहे. नाणें हातांतून गेलें कीं आपण कोणाच्या बटव्यांत होतों हें विसरून जातें, आणि या विसराळूपणांतच सामान्य माणसाची केवढी मोकळीक सांठविलेली होती, हें तें हातचें जाऊं लागल्यावर आम्हांस कळलें. सकाळीं नऊ वाजतां नळ स्टॉपहून स्टेशनाकडे किती माणसें जातात, हें मेट्रो चालविणारांस कळलें पाहिजे. परंतु त्या माणसांत आमच्या आत्याबाई आहेत, आणि त्या कोणाच्या उशाशीं बसतात, हें कळण्याचें कोणास कारण नाहीं. मेट्रोस नाहीं आणि आम्हांसहि नाहीं.

ही भीति नुसती कल्पनेंतली नव्हे. ऑक्टोपस कार्डाच्या बक्षीस-योजनेंतील सुमारें २० लक्ष ग्राहकांची माहिती इतर व्यापाऱ्यांस विकण्यांत आली होती, असें २०१० सालीं उघडकीस आलें, आणि हाँगकाँगांत मोठा गहजब होऊन त्या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांस जागा सोडावी लागली. लंडनची परिवहनसंस्था ऑयस्टरवरील प्रवासांची नोंद आठ आठवड्यांनंतर त्या त्या माणसापासून तोडून टाकते. आंकडे राहतात, माणूस राहत नाहीं. आपल्या रिझर्व्ह बँकेनेंहि २०२४ च्या फेब्रुवारींत सार्वजनिक प्रवासापुरतीं, जास्तींत जास्त ३,००० रुपये शिल्लक राहणारीं कार्डें ओळखपत्रांची तपासणी केल्यावांचून देण्यास बँकांना व इतर कार्डसंस्थांना मुभा दिली. हें धोरण आम्हांस शहाणपणाचें वाटतें. तथापि सरकारनें आणि संस्थांनीं कितीहि नियम केले तरी घरांतील कर्त्या माणसाला नियम कोण घालणार? तो त्यानेंच आपल्याला घालून घ्यावयाचा असतो. एकत्र कुटुंबांत भिंती पातळ असतात. म्हणूनच तेथें नजर वळवून घेण्याची संवय अधिक लागते. आमच्या वाडवडिलांना ती होती. दुसऱ्याचें पत्र फोडूं नये हें आम्हांस लहानपणीं शिकविलें गेलें. दुसऱ्याच्या प्रवासाची यादी वाचूं नये, एवढा धडा त्यांत आतां घातला पाहिजे.

जुनें कार्ड आम्हीं बंद केलें. नातीनें आपल्या खाऊच्या पैशांतून आत्याबाईंना बटनांचा साधा मोबाईल घेऊन दिला, आणि नवें कार्ड त्या क्रमांकावर काढलें. पैसे त्या स्वतः स्थानकाच्या खिडकीवर रोख भरतात. हिशेब कसा पाहावा हें नातीनें सांगूं पाहिलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "मी कुठें जातें तें मला ठाऊक आहे कीं!"

काल मंगळवार होता. नऊ वाजतां आत्याबाई चपला घालूं लागल्या. आम्ही दाराशींच होतों. आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "जाऊन येतें."

"बरें," आम्ही म्हणालों, आणि जिन्यांतला दिवा लावला.