अंगणासाठी तलंगा

विष्णुनगर, डोंबिवली (प.)

चि. दादूस,


मिलापनगरच्या घराला अंगण मिळालं आणि मुलांनी लगेच प्राण्याचा हट्ट धरला, हे सुनबाईकडून कळलं. तू फोनवर म्हणालास, “कुत्रा आणू, पण घरात नको, बाहेर बांधू.” तेव्हा मी काही बोलले नाही, कारण दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नाही. आता सवडीने लिहिते आहे. दोघं मिळून वाचा.

कुत्र्याला माझा विरोध नाही. ‘बाहेर बांधू’ याला आहे. कुत्रा हा माणसांत राहणारा जीव. घरची माणसं दाराच्या आत आणि तो दिवसभर साखळीला, असं झालं की आधी तो भुंकून आळी डोक्यावर घेतो आणि पुढे पुढे चिडका होत जातो. अशा कुत्र्यासमोर तीन वर्षांचं पोर उकिडवं बसलं की दोघांची तोंडं एका उंचीला येतात. लहान मुलांना चावे डोक्याला आणि चेहऱ्याला जास्त बसतात ते यामुळेच, आणि चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचाच असतो. शिवाय तुम्ही दोघं सकाळची फास्ट पकडता ते दिवेलागणीनंतरच घरी येता. मग त्याला फिरवणार कोण, त्याच्याशी बोलणार कोण? धाकटा सहा-सात वर्षांचा होऊ दे. तुमच्यापैकी एकाला घरी थोडा वेळ मिळू दे. मग खुशाल कुत्रा आणा, पण जातिवंत पिल्लाच्या मागे लागू नका. वाढलेला, स्वभाव कळलेला गावठी कुत्रा घरात घ्या आणि रात्री घरातच झोपू द्या. आपल्याकडे ‘पॉज’ ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे, आधी तिथल्या लोकांशी बोला.

पोपटाचा विचार डोक्यातूनच काढ. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं कासवही त्याच कायद्यात येतं. वास्तूच्या नावाखाली विकतात ते लाल कानाचं परदेशी कासव दुकानात रुपयाएवढं दिसतं, पण ते ताटाएवढं होतं आणि काही दशकं जगतं. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. मुलं अशी छोटी कासवं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. सशाचं मला फार वाईट वाटतं. आपल्या मे महिन्यात तो अंगणात तग धरत नाही. मुलाने कवेत उचलला आणि त्याने मागच्या पायांनी जोराचा झटका दिला तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो.

अंगणासाठी प्राणी हवा तर ज्याचं खरं घर अंगणच आहे असा आणावा. मला विचारशील तर चार तलंगा आण.

डोंबिवलीला कोंबड्या नव्या नाहीत. सोनारपाडा, सागाव, भोपर, नांदिवली या बाजूला जुन्या आगरी घरांच्या मागे आजही खुराडी दिसतात. इमारतींच्या गर्दीत ती आपल्या डोळ्यांआड झाली, एवढंच. तुला लागतील त्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायला आलेल्या, चार-पाच महिन्यांच्या कोंबड्या. त्या वयात तुरे पाहून नर कोण आणि मादी कोण हे नक्की सांगता येतं. कोंबडा आणू नकोस. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. पहाटे चारला बांग नसेल तर शेजारीही नांदू देतील. तरी शेजाऱ्यांना आधी विचार, आणि पालिकेचा काही नियम आड येत नाही ना तेही पाहून घे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. स्टेशनबाहेर टोपलीत गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला बसतात. मुलं तिथून हलत नाहीत. तरी घेऊ नका. बहुतेक नर पिल्लं असतात ती, अंडी देणाऱ्या जातीच्या हॅचरीने नको म्हणून बाजूला काढलेली. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. ती आईच्या पंखाखाली मिळते, खोक्यात नाही. दोन दिवस चिवचिव करतात आणि मान टाकतात. मुलांना पहिला प्राणी असा भेटू नये.

खुराड्यावर हात आखडू नकोस. जमिनीपासून दोन फूट उंच, लोखंडी अँगलवर उभं कर. कोंबड्यांची म्हणून षटकोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, पण मुंगसाला आणि घुशीला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश लाव. एमआयडीसीच्या नाल्याकडेला घुशी कमी नाहीत. कडी दोन ठिकाणी हवी. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ती बाजू पत्र्याने बंद कर आणि उरलेल्या बाजू हवेशीर ठेव. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती चोच उघडी टाकून धापा टाकते. म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर झावळ्या पसर आणि पाणी सावलीत ठेव. बसायला मनगटाएवढी जाड आडवी काठी, अंड्यांसाठी पेंढा घातलेली पेटी, खाली भाताचा तूस.

चार कोंबड्यांना दिवसाला जेमतेम अर्धा किलो खाद्य लागतं. ते पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच ठेव. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पावसाळ्यात उंदरांच्या मुताचं पाणी अंगणात साचलं तर लेप्टोची भीती आहे, तेव्हा मुलांना गमबूट घातल्याशिवाय चिखलात सोडू नका. अंड्याचं कवच मजबूत व्हायला शिंपल्यांचा चुरा एका वाटीत वेगळा ठेव. फरसाण, खारवलेलं, शिळं तळलेलं त्यांना घालू नकोस.

आता आपल्या डोंबिवलीचं दुखणं. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. तुझं घर त्या कारखान्यांच्या लगत आहे. कोंबडी दिवसभर माती उकरून खाते, आणि मातीतलं जे असेल ते अंड्यात उतरू शकतं. सिडनी शहरात घरोघरच्या कोंबड्यांची अंडी तपासली गेली आणि २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. त्या अंड्यांत शिसं दुकानातल्या अंड्यांच्या सरासरी चाळीसपटीहून जास्त निघालं. शिशाचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो. म्हणून अंगणातली माती आधी प्रयोगशाळेतून तपासून घे. जुन्या भिंतीचा ऑइलपेंट पोपडे धरत असेल तिथे कोंबड्यांना फिरकू देऊ नकोस. त्यांच्या फिरण्याच्या जागेवर बाहेरून आणलेल्या स्वच्छ लाल मातीचा जाड थर टाक, वर छप्पर कर, गटाराकडची बाजू बंद कर. मातीचा अहवाल येईपर्यंत धाकट्याला दुकानातलंच अंडं दे. इतकी खटपट करायची नसेल तर कोंबड्या आणूच नका, मी वाईट वाटून घेणार नाही.

मुलांची कामं त्यांच्या वयाप्रमाणे वाटून दे. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबड्या हाताळू नयेत, कारण तोच साल्मोनेला. म्हणून धाकट्याने जाळीबाहेरून पाहायचं आणि दाणे टाकायचे. मोठीने अंडी गोळा करायची, पाणी बदलायचं आणि मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. कोंबडीची पापी घ्यायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी लावा. विष्ठा साफ करणं, आजार ओळखणं, संध्याकाळी कडी लावणं ही मोठ्यांची कामं. मुलांच्या नावावर प्राणी आणला तरी तो सांभाळायचा मोठ्यांनीच असतो, आणि सुनबाईचा त्याला होकार आहे का हे तू नीट विचारलेलं नाहीस, असं मला तिच्या बोलण्यावरून वाटलं.

पाहायला मात्र खूप असतं. दुपारी कोंबडी कोरड्या मातीत पोटाने खळगा करते, एका कुशीवर लवंडते, एक पाय लांब ताणते आणि पंखाने धूळ अंगावर उडवत राहते. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फिस्कारलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हिला झटका आला. ती आंघोळ करत असते, त्या धुळीने पिसांतल्या उवा जातात. मग उठते, अंग झाडते, धुळीचा लोट उडतो, आणि काही झालंच नाही अशी किडे टिपायला लागते. मोठीला हे शांत बसून बघू दे. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, म्हणून कोंबडीची अंडं घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते. तिला वहीत लिहायला सांग, तिचं तिलाच सापडेल.

मध्येच एखादी खुडूक होईल. पेटीतून उठणार नाही, छातीची पिसं उपटून पेंढ्यात घालेल, हात घातला तर फुगून टोचेल. कोंबडा नसताना त्या अंड्यांतून काही निघणार नाही. तेव्हा तिला जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात काही दिवस ठेव, खाणंपाणी दे, खूळ उतरतं. मुलांना पिल्लं बघायचीच असतील तर कोंबडा असलेल्या घरून अंडी आणून रात्री तिच्याखाली सरकव. एकविसाव्या दिवशी कवच आतून टोचलं जाईल. पण निघालेल्या पिल्लांतली निम्मी नर असणार. ती कुणाला द्यायची हे आधी ठरव.

आजाराचं थोडक्यात. मानमोडीची लस झालेलीच तलंग घे. आपल्याकडे डास फार, आणि कोंबड्यांची देवी डासांमुळे पसरते, त्याबद्दलही पशुवैद्याला विचार. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला सापडला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत आला होता. अंगणात कावळा मरून पडला किंवा दोन कोंबड्या एकदम गेल्या, तर हात लावायचा नाही, मुलांना आत घ्यायचं आणि पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

शेवटचा विषय तुम्हा दोघांना अवघड जाईल. कोंबडी दोन-तीन वर्षं भरपूर अंडी देते, मग कमी होतात, पण ती सहा-आठ वर्षं जगू शकते. आगरी घरात तेव्हा तिचं कालवण होतं आणि तिथल्या मुलांना ते लहानपणापासून माहीत असतं. तुमच्या मुलांनी तिला नाव ठेवलेलं असेल. म्हातारी कोंबडी मरेपर्यंत पोसायची की द्यायची, हे आणण्याआधी ठरवा आणि मोठीला खरं काय ते सांगा. ‘गावाला गेली’ असं सांगू नका. मुलांना ते कळतं, आणि मग आपल्या बाकीच्या शब्दांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. माझं मत विचारशील तर पोसा. चार पक्ष्यांना लागतं किती?

पावसाळा संपेपर्यंत काही आणू नकोस. ओल्या हवेत नवी जागा त्यांना बाधते. तोवर मातीचा अहवाल आण आणि खुराड्याची मापं मला कळव, फॅब्रिकेशनवाल्याशी मी बोलते. दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी आपण सोनारपाड्याला जाऊ, तिथे माझी जुनी ओळख आहे. येताना झाकणाची वेताची टोपली आणि एक पोतं घेऊन ये. रिक्षात टोपलीवर पोतं टाकलं की अंधारात त्या गप्प राहतात. सुनबाईचं उत्तर मात्र मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
आत्या