पाऊणकीचा हिशोब

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, भरती कधी येणार हे तुम्ही मोबाईल न बघता कसं सांगता?"

सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. आमच्या अण्णांनी शिकवलेला हा कोकणातला हिशोब. आम्ही पाऊणकी घोकलेली माणसं, त्यामुळे मला त्याचा जरा अभिमानच!

पण सांगता सांगता मी अडखळलो. २२ जुलै २०२१ आठवला. त्या पहाटे चिपळूणहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलंय." आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. पुण्यात बसून मी हिशोब मांडला आणि म्हटलं, "पावणेदहाला भरती. मग ओहोटी लागेल, पाणी उतरेल. सामान माळ्यावर टाक आणि थांब."

तिने ऐकलं नाही. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेली, म्हणून वाचली. दुपारी तिच्या घराची नुसती कौलं दिसत होती.

माझं चुकलं कुठे? एक तर हा हिशोब किनाऱ्यावरचा. दाभोळला खाडीच्या तोंडाशी आलेली भरती गोवळकोटपर्यंत चढायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे, भरती नदीची वाट अडवते, पण पुराचं पाणी येतं सह्याद्रीवरून. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलेला पाऊस खाली उतरत असेल, तर ओहोटी लागली तरी नदी ओसरत नाही. त्यात पौर्णिमा तोंडावर, म्हणजे उधाणाचे दिवस!

खाडीकाठच्या गावात 'पाऊस किती' आणि 'भरती केव्हा' हे सुटे सुटे विचारून भागत नाही. दोन्ही एकाच वेळी गाठ पडले तर काय, हे आधी विचारायला हवं. तेवढाच पाऊस अष्टमीच्या भांगाला पडला तर गाव कदाचित निभावून नेईल. उधाणाला तोच घरात शिरेल. आणि पाऊस अफाट असेल तर भांगाचाही भरवसा नाही. मी एकच बाजू मोजली, आणि तीही अर्धवट.

नातवाला पाऊणकी शिकवलीच. पण बजावलं, "होडी कधी लोटायची ते यावरून ठरव. घर कधी सोडायचं ते नको."

बहिणीने आजवर मला बोल लावलेला नाही. असो. आता पावसाळ्यात मीच तिला फोन करतो, आणि आधी विचारतो, "घाटात पाऊस कसा आहे गं?"